चहाआधीची गोळी : ताळगाव पठारावरच्या एका थकव्याचं प्रकरण

वय २०. गोवा विद्यापीठात एम.एस्सी.चं पहिलं वर्ष, विषय प्रयोगशाळेचा. घर सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून आत, दारात पोफळीचं कुळागर (बागायत). जुलैपासून ताळगावात भाड्याच्या खोलीत आणखी दोघींबरोबर मुक्काम. सप्टेंबरअखेरची तक्रार तिच्याच शब्दांत एवढीच : "सतत झोप येते, वाचलेलं डोक्यात राहत नाही, जिना चढला की छाती धडधडते. आळस वाढलाय." आधी घेतलेले उपाय : दुपारनंतर एक जादा चहा, रात्री कॉफी, घरून आलेलं बीट आणि खजूर, आणि औषधाच्या दुकानातून आणलेली गॅसची गोळी.

हे प्रकरण एका मुलीचं नाही. विद्यार्थी-आरोग्याच्या कामात एकाच साच्याची जी दुखणी पुन्हा पुन्हा समोर येतात, ती जोडून ते रचलं आहे. आकडे वैद्यकीय हिशेबात बसतील असेच घेतले आहेत.

आधी मोजमाप, मग नाव

थकव्याला विद्यार्थी लगेच नाव देतात : आळस, टेन्शन, नाहीतर "हवा मानवत नाही". नाव दिलं की शोध थांबतो. म्हणून पहिले सात दिवस फक्त नोंद. वहीच्या एका पानावर रोज पाच गोष्टी : अंथरुणावर पडल्याची वेळ, उठल्याची वेळ, प्रत्येक चहा-कॉफीची वेळ, काय खाल्लं आणि किती वाजता, पाणी किती. मोबाइलच्या ॲपपेक्षा कागद बरा, कारण डॉक्टरांसमोर ते पान नुसतं ठेवता येतं.

पानावर हे दिसलं. सोमवार ते शुक्रवार झोप सरासरी ५ तास १० मिनिटं. रविवारी साडेदहा तास. सकाळी न्याहारी नाही. साडेनऊ ते दीड प्रयोगशाळा. तिथे खाणं-पिणं बंद, आणि ते योग्यच आहे. पण मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये चहा आणि एक पाव एवढंच, त्यामुळे दीडपर्यंत पाणी जेमतेम एक पेला. जेवण भात, वरण, भाजी. जेवून हात धुतले की दहा मिनिटांत चहा. साडेचारला पुन्हा चहा. रात्री नऊला नूडल्स, साडेअकराला कॉफी, दोनला झोप.

कॅफिनची बेरीज केली तर ती फार मोठी नाही. तीन चहा आणि एक कॉफी मिळून दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. निरोगी प्रौढासाठी ४०० पर्यंत चालतं असं मानतात. म्हणजे प्रश्न प्रमाणाचा नव्हता, वेळेचा होता. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेअकराच्या कॉफीतलं निम्मं पहाटे साडेचारलाही अंगात असतं. आणि जेवणानंतरच्या चहाचा दोष तर झोपेच्या बाजूला नव्हताच, तो वेगळ्याच ठिकाणी होता.

एवढ्या कमी झोपेवर कोणीही थकेल, मग रक्त तपासायचं कशाला, असा प्रश्न इथे साहजिक आहे. उत्तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत होतं. घरी आठ दिवस रोज नऊ तास झोपूनही ती तशीच थकलेली परतली होती. झोपेचं कर्ज आठवडाभरात पूर्ण फिटत नसलं तरी काही फरक पडायलाच हवा. काहीच पडला नाही, म्हणून दुसरं कारण शोधणं भाग होतं.

प्रश्न विचारताना आणखी तीन गोष्टी बाहेर आल्या. मासिक पाळी सात-आठ दिवस, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात. आईचंही असंच होतं म्हणून तिला ते नेहमीचंच वाटत होतं. दुसरी, लहानपणापासून कुळागरात अनवाणी वावर. तिसरी, श्रावणात घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. खोलीवर आल्यापासून एरवीही नुस्तं (मासे) फक्त रविवारी, म्हणजे हुमण-भातातून (माशांच्या कालवणातून) मिळायचं ते सहज शोषलं जाणारं लोह जवळपास बंद झालेलं.

तपासणी

वजन ४४ किलो, उंची १५६ सेंटिमीटर. बॉडी मास इंडेक्स १८.१, म्हणजे १८.५ च्या खाली. नाडी बसल्या जागी ९६. रक्तदाब १००/६४. खालच्या पापणीची आतली बाजू फिकी.

रक्ताच्या चाचण्या मोजक्याच सांगितल्या गेल्या : संपूर्ण रक्तगणना (सीबीसी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारं), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ जीवनसत्त्व. "फुल बॉडी चेकअप" नावाच्या जाहिरातीतल्या पॅकेजची गरज नसते. त्यात साठ-सत्तर आकडे येतात आणि त्यातला एखादा विनाकारण लाल शाईत छापून येतो. विद्यापीठापासून बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. त्याची मुळं १८४२ च्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेत आहेत. साध्या थकव्यासाठी मात्र आधी जवळचं आरोग्य केंद्र गाठावं. हिमोग्लोबिन तिथे कळतं आणि पुढची चिठ्ठी तिथून मिळते. केसपेपर सकाळी निघतो, म्हणून प्रयोगशाळा नसेल तो दिवस निवडावा.

रक्त देण्याआधी दोन पथ्यं. लोहाची गोळी आधीच सुरू करू नये, नाहीतर चित्र धूसर होतं. आणि पावसाळी तापातून नुकतंच उठलेलं असेल तर फेरिटिन दोन-तीन आठवडे पुढे ढकलावं, कारण अंगात दाह असताना फेरिटिन खोटं वाढतं आणि रिकामी कोठी भरलेली दिसते.

निकाल : हिमोग्लोबिन ९.४ (स्त्रियांमध्ये १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, ८ ते १०.९ हा मध्यम). एमसीव्ही ७०, म्हणजे तांबड्या पेशी आकाराने लहान. फेरिटिन ६, जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात निरोगी प्रौढात १५ च्या खाली गेलं की लोहाचा साठा संपला. टीएसएच आणि बी-१२ ठीक.

लहान पेशी दिसल्या की लगेच लोह लिहायचं, ही घाई बरी नव्हे. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असला तरी पेशी लहानच दिसतात, आणि अशा माणसाने विनाकारण महिनोन्महिने लोह खाल्लं तर उपयोग शून्य. कागदावर करता येणारा एक ढोबळ हिशेब : एमसीव्ही भागिले तांबड्या पेशींची संख्या (दशलक्षात). इथे ७० भागिले ४.१, म्हणजे १७. तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय धरून पुढची चाचणी करतात. फेरिटिन ६ असताना शंका उरलीच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (एनएफएचएस-५) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये ॲनिमियाचं प्रमाण देशात ५७ टक्के होतं, गोव्यात ३९ टक्के. गोवा बरा, असं त्यावरून म्हणता येईल; पण दहातल्या चौघी हा आकडा वर्गातल्या बाकांवर मोजून पाहावा.

त्याच दिवशी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची मनःस्थितीची प्रश्नावलीही भरून घेतली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. तिचे ११ आले. १० किंवा त्याहून जास्त आले की नीट विचारपूस व्हायला हवी, हा नेम. इथेच बहुतेकदा गाडी चुकते. ११ दिसले की कोणी "डिप्रेशन" लिहून मोकळं होतं, तर कोणी हिमोग्लोबिन दाखवून "मनाचं काही नाही, रक्त कमी आहे" म्हणतं. तिच्या ११ पैकी ९ गुण झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता या चार प्रश्नांतून आले होते, आणि हे चारही रक्त आणि झोप बिघडल्यावर वाढतातच. उरलेले दोन उदासीसाठी आणि कशातच रस न वाटण्यासाठी. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराला, उत्तर शून्य. म्हणून शरीराचे उपचार सुरू करून चार आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरायची, असं ठरलं. नववं उत्तर शून्य नसतं तर थांबण्याचा प्रश्नच नव्हता : त्याच दिवशी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, आयपीएचबीत, कोणीतरी सोबत नेऊन दाखवायचं, आणि रात्रीची वेळ असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावायचा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

बीट का पुरत नाही

घरच्यांचा भर बीट, खजूर आणि गुळावर होता. बीट लाल असतं एवढंच. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. कुळीथ, अळसांदे, नाचणी, तांबडी भाजी, तिसऱ्या हे त्यापेक्षा कितीतरी सरस. पण प्रश्न आधी अंकगणिताचा आहे. ४४ किलो वजन, हिमोग्लोबिन ९.४ वरून १५ वर न्यायचं आणि साठाही भरायचा, तर डॉक्टर वापरतात ते सूत्र असं : ४४ गुणिले ५.६ गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. उत्तर १०९० च्या आसपास. म्हणजे सुमारे हजार मिलिग्रॅम लोह अंगात शिरायला हवं. जेवणातून रोज प्रत्यक्ष शोषलं जातं ते एक-दोन मिलिग्रॅम, आणि जवळपास तेवढंच रोजच्या झिजेत जातं. त्यात पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर २५ ते ३५ मिलिग्रॅम लोह त्याबरोबर जातं. नळ थेंबथेंब आणि टाकीला भोक, अशी गत. आहाराने पुन्हा घसरण होणं टाळता येतं; खड्डा भरायला गोळीच लागते.

डॉक्टरांनी लिहून दिलं : १०० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची एक गोळी, रोज. अंकुशकृमीसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एकदाच. ओलसर, सावलीच्या मातीत या जंताच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि पुढे आतड्यात रक्त पीत बसतात. शौचाच्या एका नमुन्यात अंडी सापडतीलच असं नाही. जोडीला स्त्रीरोग विभागाची चिठ्ठी. तिथे पहिला प्रश्न आला तो नाकातून रक्त येतं का, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का, असा. पहिल्या पाळीपासूनच स्राव जास्त असेल तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असू शकतो, तो आधी वगळावा लागतो. इथे तसं काही नव्हतं. सोनोग्राफी साधी निघाली, आणि पाळीच्या पहिल्या तीन दिवसांसाठी स्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड दिलं गेलं. ते स्वतःहून घ्यायचं औषध नाही. कधी रक्ताची गुठळी झालेली असेल तर ते चालत नाही.

चौथा आठवडा : काहीच का हललं नाही

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.७. किमान एक ग्रॅमची वाढ अपेक्षित होती. अशा वेळी गोळी "लागू पडत नाही" म्हणून महागडी गोळी लिहिली जाते, किंवा थेट शिरेतून लोह देण्याची भाषा सुरू होते. त्याआधी एक फुकटची तपासणी असते : पाकिटं समोर ठेवून गोळ्या मोजायच्या. तीसपैकी तेरा शिल्लक. म्हणजे सतराच पोटात गेल्या, आणि गेलेल्यांचंही खरं नव्हतं.

दुपारी जेवून गोळी, आणि दहा मिनिटांत चहा. चहातलं टॅनिन लोहाला आतड्यातच बांधून टाकतं आणि शोषण निम्म्याच्याही खाली येऊ शकतं. गोळीने पोटात जळजळ झाली म्हणून सकाळी पॅन्टोप्राझोल, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी. आम्ल कमी झालं की लोह विरघळत नाही. बद्धकोष्ठ झालं म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस गोळीला सुट्टी. शौच काळं दिसलं तेव्हा घाबरून तीन दिवस बंद (लोह घेताना शौच काळं होतंच, डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर मात्र दाखवावं). दिवाळीत पाकीट ताळगावातच राहिलं.

चिठ्ठीत चूक नव्हती, आणि मुलीतही नाही. "दिवसातून एकदा, जेवणानंतर" हे तीन शब्द कँटीनच्या दिवसात बसत नव्हते, आणि ते कोणी विचारलं नव्हतं.

बदल असे झाले. डॉक्टरांनी गोळी दिवसाआड केली. हे ऐकून विद्यार्थी बुचकळ्यात पडतात : कमी घेऊन जास्त कसं मिळणार? लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते सुमारे दिवसभर आतड्याची दारं अर्धवट लोटून ठेवतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या अर्धवट दारावर येऊन आदळते. न शोषलेलं लोह पुढे सरकतं आणि तेच मळमळ आणि बद्धकोष्ठ करतं. दिवसाआड घेतली की प्रत्येक गोळीतलं जास्त लोह आत जातं आणि पोटही कुरकुरत नाही. सगळ्यांना हेच द्यावं असं नाही. तीव्र ॲनिमियात निर्णय वेगळा असतो.

वेळ : उठल्या उठल्या, पावणेसातला, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. न्याहारी साडेसातला. चहा आठच्या आधी नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळी त्या तासात नाही. सोलकढी आंबट असली तरी लिंबाचं काम ती करत नाही. क जीवनसत्त्वासाठी लिंबू, पेरू, आवळा. ज्या सकाळी बसने लांब जायचं त्या सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊ नये, घाटात उलटी ठरलेली. त्या दिवशी झोपायच्या वेळी, जेवणानंतर दोन तासांनी. पॅन्टोप्राझोल डॉक्टरांना विचारून बंद. बद्धकोष्ठासाठी पाणी दिवसाला दोन लिटरपर्यंत : प्रयोगशाळेत जाण्याआधी अर्धा लिटर, बाहेर पडल्याबरोबर अर्धा.

न्याहारीचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नव्हता. घरी दहाला उकड्या तांदळाची पेज असायची, इथे ती करणार कोण, इथपर्यंत येऊन तिघी अडल्या होत्या. सकाळी पदेराकडून (पाववाल्याकडून) पोई हा गोव्याचा पाव घ्यायचा, आदल्या रात्री भिजवलेले अळसांदे कुकरला तीन शिट्ट्या देऊन त्याची पातळभाजी दोन दिवसांची एकदम करायची, वरून लिंबू. पर्यायाला नाचणीची आंबील थर्मासमध्ये. तिघींनी आळीपाळीने केलं तर प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्यात एकच संध्याकाळ येते. शनिवारी तिसऱ्या किंवा बांगडा.

झोप

झोपेच्या बाबतीत आम्ही झोपण्याची वेळ ठरवून देत नाही. ती कोणाच्या हातात नसते. उठण्याची वेळ ठरवता येते. पावणेसात, रविवारीही फार तर पावणेआठ. चहा-कॉफी चारनंतर बंद. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे : दोनवरून पावणेबारापर्यंत यायला तीन आठवडे लागले. उठल्यावर पंधरा मिनिटं उघड्या उजेडात. पदेराकडे चालत जाण्यात ते आपोआप झालं. दुपारी पेंग आली तर वीस मिनिटांची डुलकी, तीनच्या आत.

मोबाइल खोलीबाहेर ठेवण्याचा सल्ला पहिल्याच रात्री फसला, कारण गजर त्याच्यावरच होता आणि तिघींच्या खोलीला "बाहेर" म्हणजे घरमालकांचा व्हरांडा. साधं गजराचं घड्याळ आणि दिव्याच्या बाजूच्या खाटेवर जाड चादरीचा पडदा, एवढ्यावर भागलं. सोमवारी पहाटे साडेचारला उठून वाळपईहून बस धरण्याऐवजी रविवारी संध्याकाळीच निघायचं, हा बदल घरच्यांना पटायला वेळ लागला. पण आठवड्याची सुरुवातच झोप मोडून होणं त्याने थांबलं. दुसऱ्या आयएसएच्या (सत्रातल्या अंतर्गत परीक्षेच्या) आठवड्यात सगळं पुन्हा कोसळलं, चार रात्री दोन-दोन वाजले. तेव्हा उठण्याची वेळ मात्र बदलली नाही, आणि परीक्षा संपल्यावर चौथ्या दिवशी गाडी रुळावर आली.

पुढे

आठव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.२, बाराव्यात १२.३. नाडी ७८. पीएचक्यू-९ चौथ्या आठवड्यात ९, बाराव्यात ४. उदासीच्या दोन प्रश्नांपैकी एक मात्र होता तिथेच राहिला. घरापासून दूर राहण्याचं ते होतं, त्यासाठी समुपदेशकाच्या तीन भेटी ठरल्या.

१२.३ आल्यावर गोळी बंद करणं ही दुसरी नेहमीची चूक. फेरिटिन तेव्हा २२ होतं. रक्त भरलं, कोठी अजून रिकामीच. गोळी आणखी तीन महिने, दिवसाआड. चार आठवडे नीट घेऊनही हिमोग्लोबिन हललं नसतं तर मात्र सीलिॲक आजार (गव्हातलं ग्लूटेन न मानवून आतड्याला इजा होते तो), कुठून तरी होणारा छुपा रक्तस्राव हे तपासावं लागलं असतं, आणि शिरेतून लोह देण्याची वेळ तेव्हा आली असती. बसल्या जागी धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, हिमोग्लोबिन ८ च्या खाली, यातलं काहीही असेल तर वही-नोंदीत आठवडा घालवायचा नसतो. १०८ ची रुग्णवाहिका किंवा थेट रुग्णालय.

जानेवारीत घरी गेली तेव्हा तिच्या अकरावीतल्या धाकट्या बहिणीचं हिमोग्लोबिन वाळपईच्या आरोग्य केंद्रात तपासून घेतलं. तेच कुळागर, तशीच पाळी, जेवणावर तसाच चहा. १०.६ आलं. घरातल्या सगळ्यांना अल्बेंडाझोल दिलं गेलं, आणि कुळागरात उतरण्याच्या पायरीशी चपलांचे चार जोड ठेवले गेले.